वाफ कोठून निसटते?

वसंताचे दिवस हे जसे व्याख्यानांचे दिवस, तसेच ते काजूच्या बोंडांचेही दिवस. ह्याच दिवसांत गोव्याच्या गावोगाव परवानाधारक भट्ट्या पेटतात आणि बोंडांच्या रसापासून उर्राक व फेणी निघू लागते. ह्या भट्टीची गळती कशी ओळखावी, हा आमच्या लेखाचा विषय आहे. असला विषय व्याख्यानमालेच्या ग्रंथात कशाला, असे काही वाचकांस वाटेल. त्यांस आमचे उत्तर असे की, आम्ही दारूवर लिहीत नाही, आम्ही वाफेवर लिहीत आहोत. बंद भांड्यात द्रव तापवावा, त्याची वाफ नळीने दूर न्यावी आणि तेथे ती थंड करून पुन्हा द्रव करावी, ह्या क्रियेस ऊर्ध्वपातन म्हणतात. गोव्याची फेणी, कनौजचे अत्तर, बॅटरीत घालावयाचे शुद्ध पाणी आणि कारखान्यात वापरलेल्या मळक्या थिनरमधून परत मिळविलेला स्वच्छ थिनर, ही सारी ह्या एकाच क्रियेची लेकरे होत. आणि साऱ्यांचा वैरीही एकच : गळती.

आरंभीच एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी भट्टीचे साहित्य जवळ बाळगणे हाही गुन्हाच आहे. आमचा वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता तेव्हापासून ह्या कायद्यांची धग त्याला ठाऊक आहे. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडी छेदणाऱ्यांच्या मानेवर कराचे जू बसले, आणि १८९२ च्या कायद्याने तर ठाणे व कुलाबा ह्या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले घरात ठेवण्यावरसुद्धा निर्बंध आले. त्या इतिहासावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच की, हा लेख वाचून कोणी परसात चूल मांडू नये. परंतु ज्यांस परवान्याने किंवा पोटासाठी अशा भांड्यापाशी उभे राहावे लागते, त्यांस त्या भांड्याचे मर्म कळलेच पाहिजे. वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार ह्या भागांतील गाळ्यांतून काम करणारे आमचे बांधव ह्यांतच येतात. आम्ही शाळा लवकर सोडली. जे शिकलो ते वाचनालयात आणि यंत्रापाशी. म्हणून येथे जे सांगतो ते पुस्तकी भाषेत कमी आणि फिटरच्या भाषेत जास्त असेल.

प्रथम भट्टीचे अवयव पाहू. गोव्याच्या जुन्या भट्टीत तीन मुख्य भाग असतात. चुलीवर बसविलेले मोठे भांडे, त्याला ‘भाण’ म्हणतात. ते पूर्वी मातीचे असे, आता बहुधा तांब्याचे असते. वाफ ज्यात जमा होऊन थंड होते ते दुसरे भांडे म्हणजे ‘लवणी’. आणि ह्या दोहोंस जोडणारी नळी. लवणीवर सतत थंड पाणी ओततात. नव्या भट्टीत लवणीऐवजी पाण्याच्या टाकीत बुडविलेले तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. कनौजचे अत्तरवालेही हेच करतात. त्यांच्या भांड्याला ‘देग’ म्हणतात, थंड होणाऱ्या भांड्याला ‘भपका’ म्हणतात, आणि मधली नळी दोरीने गुंडाळलेल्या बांबूची असते. आपल्या जुन्या रसशास्त्रातही ‘तिर्यक्‌पातनयंत्र’ म्हणून जे यंत्र वर्णिले आहे, त्याची मांडणी अशीच आहे. एका घटाच्या तोंडातून तिरकी नळी दुसऱ्या घटात सोडावयाची, आणि दोन्ही सांधे लेपाने बंद करावयाचे. सांध्यावरील ह्या लेपास तेथे ‘संधिलेप’ असे नाव आहे. ज्या अर्थी आपल्या पूर्वजांनी लेपास नाव देण्याची तसदी घेतली, त्या अर्थी गळतीने त्यांनाही पुरेसे छळले असले पाहिजे.

आता प्रश्न असा की, वाफ निसटलीच तर बिघडते काय? थोडा माल वाया जाईल, एवढेच ना? येथेच सामान्य माणसाची समजूत चुकते. पाण्याची वाफ निसटली तर फार तर हात भाजेल. मद्यार्काची वाफ निसटली तर घर जळते. शुद्ध मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसच्या किंचित वर उकळतो. पाणी १०० अंशांवर उकळते. रसात दोन्ही मिसळलेले असल्याने तो ह्या दोहोंच्या मध्ये उकळतो आणि आरंभी निघणाऱ्या वाफेत मद्यार्क अधिक असतो. ही वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असते. ती धुरासारखी वर जात नाही. ती सांध्यातून निघाली की भांड्याच्या अंगावरून खाली उतरते, जमिनीवर पसरते आणि नेमकी तेथे जाते जेथे चूल पेटलेली आहे. शिवाय मद्यार्काची ज्योत निळसर व फिकी असते. भर उन्हात ती दिसतही नाही. आग लागली आहे हे कळण्यापूर्वी धोतराचा सोगा पेटलेला असतो.

थोडा हिशेब करू. एक लिटर शुद्ध मद्यार्काची संपूर्ण वाफ झाली तर नेहमीच्या उष्णमानात ती सुमारे ४२० लिटर जागा व्यापते. हवेत ह्या वाफेचे प्रमाण शेकडा सुमारे ३.३ झाले की एक ठिणगी पुरते. म्हणजे एका लिटरने सुमारे पावणेतेरा घनमीटर हवा पेटाऊ होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बंद खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. त्यातली निम्म्याच्या जवळपास हवा एका लिटरने बिघडली. आणि वाफ जड असल्यामुळे ती खालचीच, म्हणजे माणसाच्या छातीपर्यंतची. आता सांध्यातून सेकंदास एका थेंबाइतकी वाफ निसटते असे धरा. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर तासाला १८० मिलिलिटर झाले. साडेपाच तासांत एक लिटर पुरा झाला. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. ती नाशालाही तितकीच लागू आहे.

गळती कोठे होते? नव्या भांड्याच्या सपाट पत्र्यातून ती क्वचितच होते. ती होते जेथे दोन वस्तू एकमेकींस भेटतात तेथे. झाकण आणि भांड्याची कड, झाकण आणि नळी, नळी आणि शीतक, ही पहिली तीन ठिकाणे. चौथे ठिकाण म्हणजे डाख दिलेला जोड. भांडे वारंवार तापून निवले की धातू प्रसरण-आकुंचन पावतो आणि डाखाला बारीक तडा जातो. पाचवे, भांड्याचा तळ. तेथे चुलीची ज्वाळा बाहेरून आणि आंबट रस आतून असे दोघे मिळून तांबे खातात, आणि एक दिवस सुईच्या अग्राएवढे छिद्र पडते. सहावे ठिकाण सर्वांत फसवे, कारण ते डोळ्यांस दिसत नाही. ते म्हणजे पाण्यात बुडालेले वेटोळे. तेथे छिद्र पडले तर वाफ बाहेर येण्याऐवजी बहुधा टाकीतले पाणीच आत शिरते. माल कमी होण्याऐवजी वाढलेला दिसतो, पण त्याची तीव्रता उतरते. मनुष्य रसाला दोष देतो, आंबविण्याला दोष देतो, आणि वेटोळे सुखाने गळत राहते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत.

आता परीक्षा. त्या पाच आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक परीक्षा पुढचीपेक्षा सोपी व निर्धोक आहे. चूल पेटविण्यापूर्वी जे कळू शकते ते चूल पेटवून शिकू नये.

पहिली परीक्षा डोळ्यांची आणि बोटांची. भांडे रिकामे, कोरडे आणि स्वच्छ असावे. अंधाऱ्या खोलीत भांड्याच्या आत विजेची बॅटरी लावून ठेवावी आणि बाहेरून पाहावे. तळाला छिद्र असेल तर ताऱ्यासारखा प्रकाशाचा ठिपका दिसतो. झाकणाच्या कडेवरून बोट फिरवावे. पोचा असेल तर तो नजरेआधी बोटाला कळतो. डाखाच्या जोडावर पांढरी अथवा हिरवट पूड दिसली तर तेथून पूर्वी ओल झिरपली आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा थंड पाण्याची. भांडे काठोकाठ भरून कोरड्या कागदावर किंवा राखेवर रात्रभर ठेवावे. सकाळी ओलीचा डाग सारे सांगतो. वेटोळ्याची परीक्षा वेगळी करावी. वेटोळे कोरडे करून, त्याची दोन्ही तोंडे वर मोकळी ठेवून टाकीत पाणी भरावे. काही तासांनी खालची तोटी उघडावी. वेटोळे धड असेल तर तोटीतून काहीही येता कामा नये. एक थेंब जरी आला, तरी तो बाहेरच्या टाकीतूनच आत आला, दुसरीकडून येण्यास मार्ग नाही. इतकी निर्विवाद साक्ष न्यायालयातही क्वचित मिळते.

तिसरी परीक्षा हवेची आणि साबणाची. भांडे, नळी आणि शीतक जोडून, सर्व सांधे बंद करून, एका तोंडातून हलकी हवा भरावी आणि प्रत्येक सांध्यास साबणाचे दाट पाणी ब्रशाने लावावे. जेथे बुडबुडे फुगतात तेथे गळती. येथे एक सावधगिरी अवश्य पाळावी. हवा ‘हलकी’ असे आम्ही म्हटले ते मुद्दाम. एक मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला केवळ एकदशांश किलो. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो. परंतु झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर भरते, आणि त्या झाकणाला तो क्षुल्लक दाब ७० किलोच्या जोराने उचलू पाहतो. म्हणून वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब पुष्कळ झाला. तो मोजण्यासाठी महागडे यंत्र नको. पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवावी, तिच्यात रंगीत पाणी घालावे आणि एक टोक भांड्यास जोडावे. दोन बाजूंच्या पातळ्यांतील अंतर हाच दाब. हवा कोंडून दहा मिनिटे थांबावे. पातळी ढळली नाही तर भांडे धड. मात्र हे काम सावलीत करावे. ऊन बदलले की आतली हवा फुगते किंवा आखडते, आणि निष्पाप सांध्यावर आरोप येतो. टायर भरण्याच्या पंपाने किंवा कॉम्प्रेसरने भांड्यात हवा कोंबू नये. कोंडलेली हवा ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते; भांडे फाटले तर तिच्यातली सारी शक्ती एका क्षणात बाहेर येते. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून त्यात अशी शक्ती साठत नाही. बाष्पकाची परीक्षा हवेने न करता पाण्याच्या दाबाने करतात, त्याचे कारण हेच.

चौथी परीक्षा केवळ पाणी उकळण्याची. भांड्यात रस न घालता साधे पाणी घालावे आणि भट्टी खरोखरीच चालवावी. धातू तापून प्रसरण पावल्यावरच उघडणारे काही तडे असतात. ते पहिल्या तीन परीक्षांतून सुटलेले असतात, ते येथे सापडतात. थंडगार आरसा किंवा स्टीलचा चमचा सांध्याजवळ धरावा. त्यावर दव जमले तर वाफ निसटते आहे. आणखी एक हिशेब ठेवावा. पाणी मोजून घालावे, निघालेले पाणी मोजावे, भांड्यात उरलेले मोजावे. शेवटच्या दोहोंची बेरीज पहिल्याइतकी आली पाहिजे. बेरीज बरीच कमी आली तर वाफ बाहेर गेली. जास्त आली तर टाकीतले पाणी आत आले. हाही एक जमाखर्चच, आणि जमाखर्चातली तूट कधी आपोआप येत नसते.

पाचवी परीक्षा ज्या भांड्यातून पंपाने हवा ओढून घेतात त्यांच्यासाठी. काही कारखान्यांत द्रव कमी उष्णमानात उकळावा म्हणून आत निर्वात करतात. तेथे गळती उलटी होते : वाफ बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते आणि आतच पेटाऊ मिश्रण तयार होते. साबणाचे बुडबुडे येथे निरुपयोगी, कारण साबणच आत ओढला जातो. येथे पंप चालवून झडप बंद करावी आणि दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवावी. काटा जागेवरून सरकू लागला तर कोठे तरी फट आहे.

ह्या पाचांत काडी किंवा मेणबत्ती पेटवून गळती शोधण्याची परीक्षा नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ती परीक्षा फक्त एकदाच करता येते. तसेच केवळ नाकावरही विसंबू नये. नाक हे उत्तम शिपाई, पण वाईट पहारेकरी. एकाच वासात थोडा वेळ उभे राहिले की नाकास तो वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वाफ गेली असे नव्हे.

सांधे कशाने बंद करावेत? गोव्यात वारुळाची चिकण माती भिजवून कापडासह लावतात. काही ठिकाणी कणकेचा लेप देतात. शिकलेल्या माणसास हे मागासलेले वाटते, परंतु ह्यात मोठे शहाणपण आहे. असा लेप आतल्या वाफेत विरघळत नाही, तापला की सुकून घट्ट होतो, आणि तो भांड्यापेक्षा दुबळा असतो. आत दाब वाढलाच तर आधी लेप उडतो, भांडे नव्हे. त्याउलट हौशी लोक हाताशी लागेल तो रबर, प्लॅस्टिक किंवा चिकटपट्टी लावतात. गरम मद्यार्कात कित्येक प्लॅस्टिके व रबरे फुगतात, मऊ होतात आणि त्यांतील द्रव्ये मालात उतरतात. डाखात शिसे असेल तर तेही उतरते. अमेरिकेत चोरटी दारू गाळणारांनी मोटारीचे जुने रेडिएटर शीतक म्हणून वापरले, आणि त्यांच्या डाखातील शिशाने पिणारांस विषबाधा झाली. साध्या वायसरचीही योग्य निवड न केल्यास काय होते ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ अवकाशयान. २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी कडाक्याची थंडी होती. अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे थंडीने ताठरले, सांध्यातून तप्त वायू निसटला, आणि उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात माणसे गेली. त्या रबराविषयी अभियंत्यांनी आदल्या रात्रीच इशारा दिला होता. तो ऐकला गेला नाही.

आता गळतीच्या सख्ख्या भावाविषयी. गळती थांबविण्याच्या उत्साहात माणूस कधी कधी वाफेची खरी वाटच बंद करतो. ऊर्ध्वपातनाच्या भांड्याचे शेवटचे तोंड नेहमी मोकळे असले पाहिजे. नळीत बोंडाचा चोथा अडकला, वेटोळ्यात गाळ बसला, किंवा कोणी वास येऊ नये म्हणून तोंडाला चिंधी कोंबली, तर ते भांडे भट्टी राहत नाही, तो बॉम्ब होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ ह्याने १६७९ साली वाफेच्या बंद भांड्याचा प्रयोग लोकांपुढे मांडला. पुढे त्यानेच त्याला वजनाची झडप बसविली. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी ही तिचीच नात. म्हणून प्रत्येक वेळी चूल पेटविण्यापूर्वी नळीतून फुंकर घालून ती आरपार जाते की नाही हे पाहावे. आणि नळीचे टोक जमलेल्या द्रवात बुडू देऊ नये. चूल विझली की आतली वाफ निवून आकसते, आत पोकळी होते आणि बुडालेल्या टोकातून थंड द्रव उलटा तप्त भांड्यात ओढला जातो.

एक गैरसमज दूर करणेही अवश्य आहे. भांडे धड असले, सांधे पक्के असले, म्हणजे माल निर्धोक झाला असे नव्हे. जून २०१५ मध्ये मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती कोणाच्या गळक्या भांड्याने मेली नाहीत. त्या दारूत कारखान्यांत वापरतात तो मिथेनॉल होता. मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले लोक होते. गळतीची परीक्षा माणसाला आगीपासून वाचविते. लोभापासून वाचविणारी परीक्षा निराळी आहे आणि ती समाजाने घ्यावयाची आहे.

आता आमच्या कामाच्या जागेकडे येऊ. गोव्यातील भट्टीवाला आपल्या भट्टीपाशी स्वतः उभा असतो. माल त्याचा, भांडे त्याचे आणि अंगाची कातडीही त्याचीच. म्हणून तो लेप नीट लावतो. गाळ्यात तसे नसते. तेथे भांडे मालकाचे, माल मालकाचा, आणि कातडी मात्र कामगाराची. गळतीचा खरा प्रश्न येथे उभा राहतो. एका कारखान्यात, नाव सांगण्याचे कारण नाही, थिनर परत काढण्याच्या भांड्याच्या झाकणातून वाफ येते असे रात्रपाळीच्या कामगाराने सांगितले. त्याला ‘सध्या गोणपाट बांध, रविवारी पाहू’ असे उत्तर मिळाले. रविवारपर्यंत तीन रात्री जावयाच्या होत्या. आम्ही तेथे गेलो तेव्हा ते ओले गोणपाट पाहिले. ते थिनरने इतके भिजले होते की गोणपाट नव्हे, ती वातच झाली होती. शेजारी विजेची मोटर होती. नवे पॅकिंग आणून बसवायला शेवटी अर्धी पाळी लागली, आणि खर्च एका माणसाच्या रोजापेक्षा फारसा अधिक झाला नाही. ह्या हिशेबावर आणखी भाष्य नको.

भोपाळला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जे घडले त्याचाही आरंभ असाच होता. मोठी गळती होण्यापूर्वी तेथील कामगारांच्या डोळ्यांना झोंबू लागले होते, म्हणजे गळतीची पहिली खबर माणसांच्या डोळ्यांनीच दिली होती. वायू थंड ठेवणारे शीतयंत्र बंद होते, तो जाळून टाकणारी ज्योत दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेली होती. यंत्रे होती, पण ती राबत नव्हती. नाशिकच्या महापालिका रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. थोडा वेळ पुरवठा तुटला आणि तेवढ्यात वीसहून अधिक रुग्ण दगावले. भोपाळला जे निसटले ते विष होते, नाशिकला जे निसटले तो प्राण होता. सांध्याला दोन्ही सारखेच.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात सुधारणा होऊन ४१-एच हे कलम आले. आपल्या जिवास तातडीचा धोका आहे असे धोक्याच्या प्रक्रियेत काम करणाऱ्यास वाटले तर ते मालकाच्या निदर्शनास आणण्याचा आणि त्याच वेळी निरीक्षकास कळविण्याचा हक्क त्याने दिला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हा हक्क ठेवला आहे. तथापि, तिच्यात ‘कारखाना’ ह्या शब्दाची व्याख्या मात्र बदलली. १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असले की तो कारखाना होई. संहितेने तो आकडा वीस केला. धोक्याच्या कामासाठी हा आकडा बाजूला ठेवण्याची मुभा सरकारकडे आहे. परंतु ज्या गाळ्यात बारा माणसे काम करतात, तेथील माणसाने आपली गणना कोठे होते हे विचारून ठेवले पाहिजे. वाफ माणसे मोजून पेटत नाही.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक भांड्यापाशी एक वही टांगलेली असावी. पाळी सुरू होताना साबणाचे पाणी लावले की नाही, नळी मोकळी आहे की नाही, पॅकिंग कधी बदलले, हे त्यात लिहून त्या पाळीच्या कामगाराने सही करावी. आणि ज्याने सही करावयाची त्याला, भांडे धड नसेल तर ते न पेटविण्याचा अधिकार असावा. अधिकाराविना सही म्हणजे उद्याच्या अपघाताचा दोष आजच कामगाराच्या नावे मांडून ठेवणे होय. असल्या सहीला आम्ही नेहमी विरोध केला आहे आणि पुढेही करू.

शेवटी, ज्यांचा भट्टीशी वा कारखान्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द. आपल्या स्वयंपाकघरातही एक नळी आहे. सिलिंडरमधील गॅससुद्धा मद्यार्काच्या वाफेसारखाच हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. हवेत शेकडा दोन भागही न होता तो पेट घेऊ शकतो. त्याला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. आमची साबणाची परीक्षा तेथे जशीच्या तशी लागू पडते. रेग्युलेटरच्या जोडावर आणि नळीच्या दोन्ही टोकांवर महिन्यातून एकदा साबणाचे पाणी लावावे. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. वास आलाच तर विजेचे बटण लावू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ ह्या क्रमांकावर कळवावे. ह्या साऱ्यास दोन मिनिटे आणि चमचाभर साबण लागतो. घरातील लहान मुलासही हे काम दाखवून ठेवावे. बुडबुडा का फुगला हे त्याला एकदा कळले, की पुढे कोणत्याही भांड्यापाशी उभे राहताना ते आधी सांध्याकडे पाहील.